बेडूक वर आले

टेम्पोचं फळकं खाली टाकलेलं होतं आणि तांबू काही केल्या चढेना. कल्याण पुढून कासरा ओढत होता, टेम्पोवाला आसाराम मागून ढकलत होता. कल्याणची आई, बनुबाई, बाजूला उभी होती. ती ना ओढत होती, ना ढकलत होती. घरात जन्मलेली, तिच्या हातची पेज पिऊन वाढलेली ही गाभण गाय घोडेगावच्या बाजारात उभी करायची, हे तिनेच ठरवलं होतं. कडबा संपला होता. उसाचे वाढेही मिळेनासे झाले होते. जूनमध्ये चार थेंब टाकून पाऊस जो गेला, तो ऐन आषाढात परागंदा. सकाळी गव्हाणीत टाकलेली पेंढी शेवटची होती, आणि पुढचा बाजार आठवड्याने. आज गाय गेली नाही तर दावणीला उपाशी मरणार, एवढं बनुबाईला कळत होतं. कळून काय उपयोग? कासऱ्याला हात लावणं तिला जमत नव्हतं.

तेवढ्यात डोंगरापलीकडे गडगडलं. पायाखालची जमीन थरथरली. तिघांनी वर पाहिलं. ढग होते, पण ढग काय, रोजच येत होते आणि रोजच हात हलवत जात होते.

मग गोठ्याच्या कडेची भेगाळलेली माती हलली. तिथून एक गोल, फुगीर बेडूक वर आला. अंगाला माती, डोळे अर्धवट मिटलेले. त्याच्यामागे दुसरा. मग बांधाच्या कडेने इथे-तिथे माती फुटायला लागली आणि बघता बघता गोठ्यापुढे बेडकांची जत्राच भरली.

बनुबाईचा चेहरा उजळला. हे बेडूक तिच्या चांगले ओळखीचे. पावसाळा सरला की मागच्या पायांनी उकरत उलटे जमिनीत शिरायचं, महिनोन्महिने अन्नपाण्यावाचून गप पडायचं, आणि पाऊस आल्याशिवाय वर यायचं नाही, ही त्यांची रीत. तिने जन्मात ती मोडलेली पाहिली नव्हती.

"सोड तिला," ती कल्याणला म्हणाली. "गाय न्हाई इकायची. पाऊस आला."

"कुठं हाय पाऊस, मावशी?" आसारामने मोबाईल पुढे केला. "ह्यात तर आठ दिस काईच न्हाई."

"तुझा मोबाईल बोलंल खोटं. बेडूक खोटं बोलत न्हाई."

कल्याणने कासरा सैल सोडला. त्यालाही तेच हवं होतं. आसाराम तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि टेम्पो वळवून ओढ्यापलीकडे साळूबाईच्या वस्तीवर गेला. तिचे बैलही आजच जायचे होते.

बनुबाईने तांबूच्या गळ्यात हात घातला. कितीतरी दिवसांनी तिला हलकं वाटत होतं. तेवढ्यात पुन्हा गडगडलं आणि डोंगरामागून धुळीचा मोठा लोट वर चढला.

कल्याण त्या लोटाकडे बघतच राहिला. "आये, त्यो पाऊस न्हाई. रस्त्याचं काम आलंय तिकडं. सुरुंगाचे बार हाईत."

बनुबाईने तांबूच्या गळ्यातला हात काढून घेतला. माणसांनी खडक फोडला, बेडकांना वाटलं आभाळ गडगडलं. बेडूक वर आले, तिला वाटलं पाऊस आला. यात दोष तरी कुणाला द्यायचा?

कल्याणने लगेच आसारामला फोन लावला. तो साळूबाईचे बैलच भरत होता. "येतो परत," तो म्हणाला. "पर गाय दारात उभी ठिवा. आता नखरं नकोत."

गाय दारात उभी राहिली. तिच्याकडे बघवेना म्हणून बनुबाई बेडकांकडे बघत बसली. ते आता पुन्हा जमिनीत शिरायला बघत होते. मागचे पाय माती उकरत होते, पण आत शिरले तेव्हा ती माती ओली होती. आता दगड झाली होती. गुरांच्या पाण्याच्या डोणीखालच्या ओलसर जागेवर तर नुसती झुंबड उडाली होती. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीने पितो. जो तो आपलं पोट त्या ओलीला चिकटवून पडला होता. बनुबाईने पिंपाकडे पाहिलं. तांबू तर चाललीच. तिच्या वाटणीचं टँकरचं पाणी आता कुणासाठी राखायचं? तिने पिंपातलं पाणी बादलीने काढून गोठ्यापुढच्या खळग्यात ओतलं. माती भिजेल, जातील बिचारे खाली.

ते खाली गेले नाहीत. पाण्यात पोट टेकताच एकाने गळा फुगवला आणि आवाज दिला. पाणी दिसलं की बेडकाला आधी लगीन आठवतं. दुसऱ्याने साथ धरली, मग तिसऱ्याने, आणि सगळा खळगाच ओरडायला लागला. कानठळ्या बसाव्यात असा तो गलका ओढ्यापलीकडेही पोचला.

कल्याणचा मोबाईल वाजला. आसाराम होता. कल्याणने आईला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"साळूबाईनं भरलेलं बैल उतरवलं. म्हनती, तुमच्याकडं बेडकं वरडाय लागलीत, आता कशाला इकू? अन् एकल्या गाईपायी घोडेगाव मला न्हाई परवडत. मी निघालो घरला."

"आरं, थांब! ती बेडकं खोटी हाईत!"

"मगाशी तर लई खरी हुती," आसाराम म्हणाला आणि फोन कट झाला.

बनुबाई ओढ्याच्या काठापर्यंत धावली. पलीकडे टेम्पोचा धुरळा वळणाआड गेला होता आणि साळूबाई बैल पुन्हा खुंट्याला बांधत होती. बनुबाईने दोन्ही हात हलवले आणि जिवाच्या आकांताने हाक मारली, "साळूबाई, पाऊस न्हाई गं! पाऊस न्हाई!" बेडकांच्या गलक्यात तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

साळूबाईने तिकडून हसत हात हलवला आणि आभाळाकडे बोट केलं.