अजून आहे त्यात

पेट्रोल अजून किती किलोमीटर पुरेल ते सांगणारा गाडीच्या पडद्यावरचा आकडा आठवरून एकदम पाचवर आला. मधले कुठे गेले कुणास ठाऊक.

"अहो, या पंपावर भरून घ्या ना," ती म्हणाली.

"अजून आहे त्यात," नवरा म्हणाला.

पंप आला आणि मागे गेला. नळीपाशी उभा असलेला माणूस त्यांच्या गाडीकडे मान वळवून बघत राहिला.

गाडी दाखवते त्यावर जायचं नसतं, हे त्याने तिला कितीदा तरी समजावलं होतं. कंपनीवाले मुद्दाम कमी दाखवतात, भित्र्या माणसांसाठी. शून्य आलं तरी टाकीच्या तळाशी चांगलं पेट्रोल असतं. हे तो अशा आपुलकीने सांगायचा की जणू ते तळाचं पेट्रोल त्यानेच जपून ठेवलंय.

एसी बंद होता, पेट्रोल खातो म्हणून. काचा वर होत्या, वारा गाडीला मागे ओढतो म्हणून. तिच्या मांडीवर आईसाठी घेतलेल्या संत्र्यांची पिशवी होती. त्याने न बघता हात पुढे केला. तिने फोड ठेवली. त्याने ती चोखली, बिया तळहातावर थुंकल्या, दाराच्या खणात टाकल्या आणि तोच ओला हात पुन्हा पुढे केला.

आईला दुपारी ऑपरेशनला नेणार होते. आशा फार ठेवू नका, असं डॉक्टर हळू आवाजात म्हणाले होते, आणि फोनवर भावाने ते त्याहून हळू सांगितलं होतं. आत जाण्याआधी आईला लेकीला बघायचं होतं, एवढंच. खरं तर परवाच निघायचं ठरलं होतं. पण परवा नवरा म्हणाला, "घाई कशाला? अजून आहे गं त्यांच्यात." तेव्हा तिला तो धीर वाटला होता.

आकडा शून्यावर आला. त्याने लगेच एक बटण दाबून धरलं. खालचा दुसरा आकडा, गाडी किती चालली ते सांगणारा, पुसला गेला आणि पहिल्यापासून मोजू लागला.

"हे कशाला?"

"असंच."

आता तो फारच सावकाश चालवू लागला. मागून ट्रक भोंगे वाजवत पुढे जात होते. उतार आला की तो गाडी नुसती सोडून द्यायचा आणि ओठ मिटून, श्वास धरून बसायचा. जरा जोरात घ्या ना, असं तिने दोनदा सांगून पाहिलं. जोरात नेली की जास्त पिते, असं त्याने दोन्ही वेळा सांगितलं. दुसरा पंपही मागे पडला. ती डोळे मिटून मनातल्या मनात देवाचं नाव घेऊ लागली, पण दर वेळी मध्येच त्याचा हात पुढे यायचा आणि नाव अर्धंच राहायचं.

भावाचा फोन आला. "ताई, कुठवर आलीस? स्ट्रेचर दारातच थांबवून ठेवलंय त्यांनी. ती तुलाच विचारतेय."

"आलेच," ती म्हणाली.

पुढच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. त्याने ती कडेला घेतली. तिच्याकडे बघितलं नाही, पडद्याकडे बघितलं.

"बेचाळीस!"

त्याने बाहीने पडद्याची काच पुसली, मोबाईल काढला, फोटो घेतला, नीट आला नाही म्हणून परत घेतला आणि पाठवला. लगेच टिंग टिंग सुरू झालं. तो हसू लागला. मग तिला त्याने मोठ्या कौतुकाने सगळं समजावलं. ऑफिसातल्या मित्रांमध्ये चुरस होती, शून्यानंतर कोण किती किलोमीटर जातो त्याची. दाढी म्हणून एक मित्र होता, त्याचे एक्केचाळीस होते. आज दाढी गेला बाराच्या भावात.

"म्हणजे तुम्ही आज मुद्दाम..."

"मुद्दाम कशाला? पण एवढा लांब रस्ता एरवी मिळतो कुठे?"

तिने त्याच्याकडे बघितलं. हनुवटी चिकट झालेली. दातात संत्र्याचा एक पांढरा दोरा. तो बोलत होता तसा दोरा हलत होता. दार उघडून ती रस्त्याच्या कडेला वाकली. पडलं काहीच नाही, नुसत्या कोरड्या ओकाऱ्या आल्या.

"ऊन बाधलं," तो आतूनच म्हणाला.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. "नेलं गं तिला आत," भाऊ म्हणाला. त्याने फोन ठेवला नाही. मग तिनेच ठेवला.

हात दाखवल्यावर पावाची एक व्हॅन थांबली. पुढे एकाच माणसापुरती जागा होती. तू जा, नवरा म्हणाला, पुढच्या पंपावरून कुणाला तरी पेट्रोलचा डबा भरून पाठवायला सांग. त्याची नजर अजून मोबाईलवरच होती. ती व्हॅनमध्ये चढली तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

"आणि दोन संत्री ठेवून जा गं. ऊन फार आहे."

"नाहीत," ती म्हणाली.

"अजून आहेत की त्यात."

पिशवी तिच्या मांडीवर चांगली फुगलेली होती. तिने ती झाकली नाही.

"संपलं," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.