एकही तक्रार नाही

हॅम्बुर्गहून गावी वडिलांकडे जायला फोल्कमारला सवड काही व्हायची नाही. म्हणून त्याने गावातल्या बेकरीशी बोलून सोय लावली, की रोज सकाळी दोन ताज्या पावांची पिशवी वडिलांच्या दाराच्या कडीला अडकवून जायची.

म्हातारा मोठा चिकित्सक. रोज फोन यायचा. "अरे, पावावरची खसखस कवळीत अडकते, सांग त्या बेकरीवाल्या बाईला." "आज पाव करपलाय." "आज दहा मिनिटं उशीर." आणि दर वेळी फोल्कमार इंटरनेटवर बेकरीला एक तारा देऊन खाली दोन खरमरीत ओळी लिहायचा.

मग फोन यायचे थांबले. एक आठवडा उलटून गेला.

"एकदा जाऊन तरी ये," त्याची बायको आंके म्हणाली. "नाहीतर निदान फोन कर."

"कशाला? फोन केला की गाऱ्हाणी सुरू. पाव पसंत पडले असतील, म्हणून गप्प आहेत. आणि रोज कुणीतरी त्यांच्या दारापर्यंत जातंय ना? बास झालं की."

शनिवारी त्याने मोठ्या मनाने बेकरीला पाच तारे देऊन टाकले. खाली लिहिलं, "सेवा फारच सुधारली आहे. नऊ दिवसांत वडिलांची एकही तक्रार नाही."

अर्ध्या तासात बेकरीचं उत्तर आलं.



"आभारी आहोत. फक्त वडिलांना आधीच्या पिशव्या आत घ्यायला सांगा, कडीला आता जागा उरलेली नाही."