शून्य कोणी पाहिलं?

"छान आहे हो," छुकीच्या कागदावर नजर टाकून गेन-ला म्हणाल्या आणि तळलेल्या खाप्सेंची बशी पुढे सरकवली.

छुकीचा चेहरा पडला. मुंडगोडच्या या तिबेटी भिक्षुणी मठात ती गुरू म्हणून गेन-लांच्याच हाताखाली वाढली, आणि चीवर उतरवून गणित शिकायला बंगलोरला गेली तीही इथूनच. इथली रीत तिला ठाऊक होती. आपल्या माणसाशी इथे वाद घालतात, टाळ्या वाजवून त्याला सळो की पळो करून सोडतात. कौतुक करतात ते पाहुण्यांचं. खाप्सेही त्यांच्यासाठीच निघतात.

गुडघे दुखतात म्हणून गेन-ला हल्ली वादाच्या अंगणात कडेला खुर्ची टाकून बसत. छुकीने कागद त्यांच्या मांडीवर पसरला होता. जाणीव किती, हे आकड्यात सांगणारं तिचं सूत्र होतं ते. त्यासाठी तिने रक्ताचं पाणी केलं होतं, पण विद्यापीठातल्या शाबासकीपेक्षा तिला या म्हातारीचं एक खेकसणं हवं होतं.

"मनाचे भाग एकमेकांशी जेवढं बोलतात, तेवढा आकडा मोठा," ती रेटून सांगत राहिली. "खोल ध्यानात ते बोलणं बंद पडतं. आकडा शून्य."

"वा, हुशार आहेस. चहा घे..."

गेन-लांचा हात कपापाशीच थांबला.

"शून्य?"

"हो, गेन-ला."

"ध्यानातून उठल्यावर, किती शांत होतं, असं आठवतं की नाही?"

"आठवतं."

"जाणीवच शून्य, तर ती शांतता पाहिली कोणी?"

"नंतर... अंदाजाने कळते."

"अंदाजाला खूण लागते. शून्यात खूण कोणी ठेवली, तुझ्या बंगलोरच्या मास्तरांनी?"

गेन-ला गुडघे विसरून उभ्या राहिल्या. पाय दाणकन आपटला आणि टाळी अशी वाजवली, की अंगणात वाद घालणाऱ्या बाकीच्या जोड्या गप्प झाल्या. उत्तर देणाऱ्याने खाली बसायचं असतं. छुकी जमिनीवर मांडी घालून केव्हा बसली, तिचं तिलाच कळलं नाही.

"बोल की! एवढं शिकवलं ते पाण्यात गेलं?"

सूत्र पार अडकलं होतं आणि छुकीच्या पोटात आनंद मावत नव्हता. उत्तर सुचेपर्यंत काहीतरी चघळावं म्हणून तिने बशीकडे हात नेला.

गेन-लांनी बशी उचलून पाठीमागे खुर्चीवर ठेवली.

"हात लावू नकोस. पाहुण्यांसाठी आहेत ते."