नकाराचं कडवं

इत्सेलने पुन्हा दार उघडलं.

"अगं बाई माझे!" ओदिलियाबाईंनी कपाळाला हात लावला. "आत्ता नाही. आधी दोनदा नाही म्हणायचं, मग तिसऱ्यांदा उघडायचं!"

बाहेर अर्धी पोरं येशूच्या आईबापांच्या, मारिया-होसेच्या, मातीच्या मूर्ती पाटावर घेऊन थंडीत उभी होती. रात्रीपुरती जागा द्या हो, म्हणून गात होती. आतल्या अर्ध्यांनी गाऊनच त्यांना परतवायचं, ही नाताळाआधीच्या पोसादाची रीत. ही तालीम होती; संध्याकाळी सगळी गल्ली बघायला येणार, आणि दाराशी उभी केलेली ही सहा वर्षांची ठमी पहिल्याच कडव्याला कडी काढत होती.

"पण बाई, मारियाच्या पोटात बाळ आहे ना?"

"आहे."

"मग? तुम्हीच सांगता, दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये."

रविवारच्या धर्मवर्गात बाई वर्षभर हेच सांगत आल्या होत्या. सांगून सांगून घसा बसला, आणि शिकलं कोण, तर ही एकटी. एरवी त्यांनी पोरीला पोटाशी धरलं असतं. पण आज पहाटेपासून बुन्युएलोंच्या गोड पुऱ्यांचे घाणे काढून पाय सुजले होते, पोरांनी काठीनं फोडायची खाऊभरली पिन्याता अजून टांगायची होती, आणि अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं.

"हे नाटक आहे, राणी. खोटं खोटं नाही म्हणायचं."

पुढच्या खेपेला बाईंनी तिचं मनगटच धरून ठेवलं. पोरगी मुसमुसत गायली. त्याच्या पुढच्या खेपेला रडू आवरून गायली. आणि मग एकदाची खणखणीत आवाजात म्हणाली, "जागा नाही, पुढे व्हा!"

"शाब्बास गं माझी वाघीण! सुटले."

बाहेरची पोरं आत आली. पेल्यांतून फळांचं गरम पोंचे वाटलं गेलं, आणि बाई चपला काढून स्टुलावर टेकल्या. डोळे मिटतात न मिटतात तोच दारावर टकटक झाली.

इत्सेल धावली. कडीला तिने हातही लावला नाही. फटीला तोंड लावून म्हणाली, "जागा नाही हो. पुढे व्हा. देव तुमचं भलं करो." शेवटचं तिने स्वतःच्या मनानं जोडलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"आता बरोबर ना, बाई?"

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. सगळी पोरं आतच होती.

त्या अनवाणीच बाहेर धावल्या. रुळांकडून आलेली एक परमुलखातली बाई दोन घरं पुढे गेली होती. मालगाडीच्या टपावर बसून उत्तरेकडे निघालेल्यांपैकी असावी. खांद्यावर मूल झोपलेलं, हातात पाण्याची रिकामी बाटली.

"अहो, थांबा! पोर आहे ती, तिला कळलं नाही हो!"

ती परकी बाई वळली. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता शीण होता.

"असू दे हो, मावशी. तिला रागावू नका," ती म्हणाली. "या गावात इतक्या गोड शब्दांत अजून कुणी नाही म्हटलं नव्हतं. पोरांना चांगलं वळण लावलंत तुम्ही."