वाया जाणारे दोन सेकंद

चार नंबरच्या प्रेसमध्ये पत्रा सरकवला की शरयूचा हात झटक्यासरशी मागे येई. निवृत्त तांबोळीकाकांचं कसब कंपनीने अर्ध्या तासात तिच्या मेंदूत उतरवलं होतं. हा झटकाही त्याच्यासोबतच आला होता.

“दर वेळी दोन सेकंद वाया जातात,” घारपुरे साहेब वैतागले. “दुपारपासून इथे मंजिरी उभी राहील. तिला झटका काढूनच कसब दिलंय.”

जेवणाच्या सुट्टीत शरयूने डबा अर्ध्यावरच झाकला आणि काकांना फोन लावून त्या झटक्याचं विचारलं.

“अगं, तो प्रेस मधूनच दोनदा आपटतो,” काका म्हणाले. “माझी दोन बोटं तशीच गेली. तेव्हापासून हात तिथे थांबतच नाही.”

शरयू धावत सुटली. समोर मंजिरी पत्र्यामागून पत्रा सरकवत होती, आणि तिच्या हाताला कसलीच घाई नव्हती.