आईचे सहा महिने

"सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही," सदानंद म्हणाला, "पण वीज खिडकीतून आली, जाता जाता समई लावली आणि थेट सर्व्हरच्या मदरबोर्डात शिरली."

ऊर्मिलाने चपलाही काढल्या नव्हत्या. आईला जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून सर्व्हरवर साठवलेली आई सहा महिने भावाच्या घरातून बोलायची, सहा महिने बहिणीच्या. एकाच वेळी दोन घरांत आई ठेवायला कायद्याने बंदी होती. आज पाळी बदलायची होती, आणि सकाळी "सदा, ऊठ" म्हणणारा आवाज सदानंदला सोडवत नव्हता.

"डिस्क दोन होत्या ना? दोन्हींवर आई होती."

"डिस्क धडधाकट आहेत गं. पण जुळ्या प्रती तो बोर्ड ठेवायचा, त्याचं त्यालाच वाचता यायचं. तसला बोर्ड आता मिळत नाही. पार गोव्यापर्यंत हिंडून आलो."

"जुळ्या प्रतींचं काम बोर्डाकडेच ठेवू, हा तुझा हट्ट होता," ऊर्मिला म्हणाली. "सर्व्हर बसवला त्याच दिवशी मी तो हट्ट मोडला आणि ते काम सॉफ्टवेअरला दिलं. बोर्ड जळो नाहीतर तुझं घर, यातली कुठलीही डिस्क कुठल्याही मशीनला लावली की आई बोलते. खोटं बोलतोयस, दादा. डिस्क आण."