पुन्हा एकदा सांग

सकाळचा चहा घेताना मृदुलाताईंनी लेकीला फोन लावला. "काय गं केतकी, काही विशेष?"

"आई, मला दिवस गेलेत, हे काल संध्याकाळीच नाही का सांगितलं? आनंदानं रडलीस की तू."

मृदुलाताईंना काहीच आठवेना. निवृत्तीनंतर एकटेपणात सुरू झालेला वाइनचा एक ग्लास हळूहळू बाटलीवर गेला होता. होणारी विसराविसर त्या वयावर ढकलत आल्या होत्या. पण इतकी वर्षं जिची वाट पाहिली, ती बातमी कोणी वयामुळे विसरत नाही.

"केतकी, मी रोज पिते. फार पिते. मला हे सोडायचंय, पण एकटीला जमणार नाही," त्या म्हणाल्या.

केतकी म्हणाली, "मी येते. आजच डॉक्टरांकडे जाऊ."

दुपारी ती आली, तेव्हा मृदुलाताईंनी उरलेली बाटली मोरीत ओतून टाकली होती. लेकीला पलंगावर बसवून त्या म्हणाल्या, "निघण्याआधी ती बातमी पुन्हा सांग. पहिल्यापासून."

केतकीनं सांगितली. मृदुलाताईंनी डोळ्यांना पदर लावला.

"कालच्यापेक्षा जास्त रडते आहेस," केतकी हसत म्हणाली.

"रडू दे. हे लक्षात राहणार आहे माझ्या."